नाताळचा बाजार नाताळच्या आधी असतो: जर्मनीतल्या ख्रिसमस मार्केटचा आठवडाभराचा बेत

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की मला पुण्या-मुंबईहून एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. "मुलांना पंचवीसपासून सुट्टी आहे रे. सव्वीसला निघतो, सत्तावीसला तुझ्याकडे. ख्रिसमस मार्केट दाखवशील ना?" मी न्यूर्नबर्गच्या शेजारच्या गावात राहतो, त्यामुळे समोरच्याचा हिरमोड करायचं काम माझ्याकडे येतं. न्यूर्नबर्गचा बाजार २४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता उठतो. सत्तावीसला तिथे फळ्या उतरवणारी माणसं आणि रिकामा चौक दिसेल. भाऊबीज आटोपल्यावर आकाशकंदील घ्यायला लक्ष्मी रोडला निघावं, तसला प्रकार.

म्हणून आधी तारखा. बाकी सगळं त्यांच्यामागून.

तारीख ठरवणे

नाताळच्या आधीच्या चार रविवारांना ॲडव्हेंटचे रविवार म्हणतात. पहिला ॲडव्हेंट २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांत कुठेतरी पडतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ ला. जर्मन बाजारांचं गणित या रविवारावर चालतं. त्याच्या आधीचा रविवार मृतांच्या स्मरणाचा, आपल्या सर्वपित्री अमावास्येसारखा. त्या दिवशी गाणं-बजावणं वर्ज्य, म्हणून बहुतेक गावं त्यानंतरच बाजार मांडतात. न्यूर्नबर्गचा बाजार पहिल्या ॲडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला उघडतो. पांढऱ्या-सोनेरी पोशाखातली, सोनेरी कुरळ्या केसांची 'क्रिस्टकिंड' चर्चच्या सज्जात येते आणि पद्यातून लोकांना आमंत्रण देते. क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू, पण इथल्या रिवाजात ते रूप घेते सोळा ते एकोणीस वर्षांची, शहरातच वाढलेली मुलगी. दर दोन वर्षांनी तिची निवड होते. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय होते. त्यावरून एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने गरळ ओकली, तेव्हा अख्खं शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं.

उद्घाटनाचा दिवस मात्र मी टाळायला सांगतो. चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि लहान मुलांना पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. उत्तम काळ म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या ॲडव्हेंटच्या मधले दिवस, तेही सोमवार ते गुरुवार. शनिवारी बसगाड्या भरभरून आसपासच्या देशांतले लोक येतात आणि आपण दादर स्टेशनच्या पुलावर उभे आहोत असं वाटायला लागतं. मुलांच्या शाळेतून आठवडाभराची रजा मिळत असेल तर ती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या.

आणि रजा मिळणारच नसेल? मग जर्मनीचा हट्ट सोडा. प्राग आणि व्हिएन्नाचा श्योनब्रुन राजवाडा इथले बाजार अलीकडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात. बर्लिनमधलेही काही वर्षअखेरीपर्यंत असतात. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या त्या शहराच्या अधिकृत पानावर बघून घ्या. दुसऱ्याच्या जुन्या यादीवर विसंबू नका, माझ्याही नाही.

एक इशारा इथेच देतो. २४ च्या दुपारपासून २६ च्या रात्रीपर्यंत जर्मनीत दुकानं बंद, बरीच उपाहारगृहं बंद, रस्ते सुनसान. इथला नाताळ घरात, कुटुंबात साजरा होतो. त्या दिवसांत इथे असाल तर दूध, ब्रेड, भाजी २३ तारखेलाच भरून ठेवा. रविवारीही दुकानं बंदच असतात, पण बाजार चालू असतो.

व्हिसा

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. डिसेंबरात जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच वेळ मिळवा, कारण अर्ज तपासायला लागतात त्यापेक्षा जास्त दिवस मुलाखतीची तारीख मिळण्यात जातात. शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात लोक हटकून चुकतात. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार तो देश. रात्री समसमान असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तो. जर्मनीत पाच रात्री आणि व्हिएन्नात दोन, तर अर्ज जर्मनीकडे, मग विमान व्हिएन्नात का उतरेना. मागच्या पाच वर्षांत शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो. विमान उतरल्यावर तासाभरात पुढची गाडी पकडण्याचं तिकीट काढू नका, तीन तास हाताशी ठेवा.

कोणती शहरं, आणि किती

इथे मी कडक बोलतो. सात दिवसांत पाच देश करणाऱ्यांना बाजार दिसत नाही, त्यांना सामान ओढायचा रस्ता दिसतो. युरोपातले दगडी फरसबंदीचे रस्ते आणि चाकाच्या बॅगा यांचं हाडवैर आहे. एका गावात मुक्काम ठोका, तिथून दिवसभराच्या फेऱ्या करा आणि फार तर एकदा मुक्काम हलवा.

माझा आवडता बेत असा. मुंबईहून म्युनिक किंवा फ्रँकफर्ट. तिथून रेल्वेने न्यूर्नबर्ग, म्युनिकहून साधारण सव्वा तास, फ्रँकफर्टहून दोन-सव्वादोन तास. न्यूर्नबर्गला चार रात्री. एक दिवस शहरासाठी, एक बाम्बर्ग, एक तटबंदीतलं जुनं गाव रोथेनबुर्ग. मग ड्रेस्डेनला तीन रात्री. हा प्रवास गाडी बदलून चार-साडेचार तासांचा आहे. ज्यांना ड्रेस्डेनपेक्षा राजवाडे आणि वाल्ट्झ बघायचे आहेत त्यांनी तिथेच व्हिएन्ना धरावं. बाम्बर्ग जवळच आहे आणि तिथे बाजारापेक्षा देखावे बघायचे. येशूजन्माचे छोटे-मोठे देखावे चर्चमध्ये, संग्रहालयात, चौकात मांडलेले असतात, आणि ते एकामागून एक बघत हिंडायचा ठरलेला मार्ग आहे. गणपतीत आरास बघत पेठांतून फिरल्याची सवय असेल तर हा दिवस फार आवडेल.

न्यूर्नबर्ग–बाम्बर्ग, न्यूर्नबर्ग–रोथेनबुर्ग अशा फेऱ्यांसाठी बायर्न-तिकीट काढा. बव्हेरिया राज्यात दिवसभर चालतं, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, माणसं वाढली की थोडे पैसे वाढतात. दोन अटी आहेत: फक्त प्रादेशिक गाड्या, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. आठ पन्नासच्या गाडीत बसून तपासनीसाशी हुज्जत घालू नका. लांबच्या वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं महिने-दोन महिने आधी घेतली तर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. बसायची जागा वेगळे पैसे देऊन राखावी लागते. आई-बाबा बरोबर असतील तर राखाच. जर्मनीत गाड्या घड्याळाच्या ठोक्यावर धावतात हा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. तो विसरा आणि गाडी बदलायला निदान अर्धा तास ठेवा.

कपडे: थंडी खालून येते

डिसेंबरात इथे उणे तीन ते अधिक पाच अंशांच्या आसपास असतं. आकडा ऐकून लोक भला जाड कोट विकत घेतात आणि पायांत कॉलेजचे कापडी बूट घालून येतात. बाजारात माणूस चालत नाही, उभा राहतो. तासन् तास थंडगार दगडावर. थंडी तळव्यातून चढते आणि मग वरचा कोट कितीही भारी असला तरी उपयोग नाही. माझी एक मावशी पहिल्या संध्याकाळी हौसेने पैठणी आणि मोजड्या घालून निघाली होती. वीस मिनिटांत आम्ही बुटांच्या दुकानात होतो.

म्हणून पैसा बुटांवर घाला. जाड तळ, पाणी आत न शिरणारे, अर्धा नंबर मोठे, म्हणजे आत लोकरीचे मोजे मावतील. अंगाला चिकटून थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. खोल्या, गाड्या, दुकानं आतून चांगली उबदार असतात, त्यामुळे काढ-घाल करता येईल असे थर हवेत. कानटोपी, मफलर, हातमोजे. हातमोजे असे घ्या की ते घालून सुट्टे पैसे मोजता येतील. बर्फाची आस लावून बसू नका. बऱ्याचदा पडतो तो पाऊस, नाहीतर अर्धवट वितळलेला चिखल.

बाजारातली एक संध्याकाळ

दुपारी बाराला हाउप्टमार्क्ट चौकात उभे राहा. फ्राउएनकिर्श या चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ पासून एक यांत्रिक घड्याळ आहे. बाराच्या ठोक्याला सम्राट निवडण्याचा हक्क असलेले सात संस्थानिक सम्राटाभोवती प्रदक्षिणा घालतात. सम्राट चौथा कार्ल याने १३५६ मध्ये काढलेल्या, या निवडीचे नियम ठरवणाऱ्या सनदेची ती आठवण. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण पोरंही मान वर करून बघतात.

मग बाजारात न थांबता चढण चढून किल्ल्यावर जा. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारासच मावळतो. किल्ल्यावरून लाल कौलांवरचा तो शेवटचा उजेड बघा आणि अंधार पडता पडता खाली उतरा. दुपारच्या भगभगीत उजेडात या ठेल्यांना काही शोभा नसते. दिवे लागले की लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छतांखालचा तोच चौक निराळा दिसतो. इथले लोक त्याला लाकूड आणि कापडाचं छोटं गाव म्हणतात. हा बाजार किती जुना याचा पहिला पुरावा म्हणजे १६२८ मधली एक रंगवलेली लाकडी पेटी. नाताळच्या बाजारातून भेट आल्याचा मजकूर तिच्यावर आहे आणि ती याच शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पहिली फेरी खिशात हात घालून मारा. काही घ्यायचं नाही. तीच बाहुली तीन ठेल्यांवर तीन भावांत दिसेल, आणि कुठली हातची, कुठली कारखान्यातली हे दुसऱ्या फेरीत कळायला लागतं. न्यूर्नबर्गची खास वस्तू म्हणजे त्स्वेचगेनमेन्ले, सुक्या आलुबुखारांची माणसं. तारेवर ओवलेले आलुबुखार म्हणजे हातपाय, अक्रोडाचं डोकं, वर कापडाचे कपडे. भटजी, शेफ, वर-वधू, काय हवं ते मिळतं. भटजी म्हणजे त्यांचा पाद्री, अर्थात.

आता पेय. ग्लूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्र्याची साल घालून गरम केलेली लाल वाइन. ती उकळत नाहीत, नुसती तापवतात, कारण ७८ अंशांना मद्यार्क उडून जातो. कायद्याने तिच्यात किमान ७ टक्के मद्यार्क असावा लागतो. गोड आणि गरम असल्याने ती सरबतासारखी उतरते आणि रिकाम्या पोटी नंतर हिशेब चुकवते. इथे निळ्या बेरींची, हायडेलबेअर-ग्लूवाइन जास्त चालते, मलाही तीच बरी वाटते. 'मिट शुस' असं म्हटलं तर वरून रमची धार पडते. न पिणाऱ्यांनी आणि मुलांनी 'किंडरपुन्श' मागावं, मसाले तेच, वाइनऐवजी फळांचा रस. ठेलेवाल्याला "ओहने आल्कोहोल" असं पुन्हा एकदा म्हणून खात्री करून घ्या, कारण कप सारखेच दिसतात.

कप चिनी मातीचा असतो आणि त्यावर अनामत असते, तिला 'फांट' म्हणतात. पेयाचे साधारण चार-साडेपाच युरो आणि वर अनामतीचे तीन ते पाच. ऐकलेली किंमत आणि दिलेले पैसे जुळत नाहीत म्हणून आपले लोक भांडायच्या तयारीने पुढे सरसावतात. शांत राहा. कप परत केला की पैसे परत. काही ठेल्यांवर कपाबरोबर बिल्ला देतात, तो हरवला तर अनामत गेली. कप आवडला तर ठेवून घ्या, तीच त्याची किंमत. दरवर्षी चित्र बदलतं, त्यामुळे इथल्या घरांत कपांची रांगच असते.

रोख पैसे बरोबर ठेवा. कार्ड चालणारे ठेले वाढलेत, तरी दहा युरोंची खरेदी आणि 'फक्त रोख' अशी पाटी यांची गाठ कधी पडेल सांगता येत नाही. माणशी एका संध्याकाळी तीस-पस्तीस युरो धरा, खरेदी वेगळी. नाणी बाजूला ठेवा, कारण शौचालयाला पन्नास सेंट ते एक युरो लागतो. आणि गरम पेयाचे तीन कप झाल्यावर शौचालय कुठे आहे हे आधीच माहीत असलेलं बरं.

शाकाहाऱ्यांनी काय खावं

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फोनवरचा दुसरा प्रश्न नेहमी हाच असतो.

मांसाहाऱ्यांचं सोपं आहे. न्यूर्नबर्गची बोटाएवढी सॉसेज, तीन मिळून एका पावात, 'द्राय इम वेग्ला' म्हणायचं. ती डुकराची असतात. पुढे चला.

शाकाहाऱ्यांचा पहिला आधार म्हणजे बटाट्याच्या किसाचे तळलेले थालीपीठवजा घावन. न्यूर्नबर्गकडे कार्टोफेलपुफर, कोलोनकडे राइबेकुखेन. बरोबर सफरचंदाचा गोड गर देतात. गोड नको असेल तर लसणाचं दही मागा. अंडं न खाणाऱ्यांनी विचारावं, कारण घावन बांधून यावा म्हणून बरेच जण त्यात अंडं घालतात. मोठ्या तव्यावर परतलेले मशरूम, वर लसणाची चटणीवजा सॉस, हे जवळजवळ सगळीकडे मिळतं. चीज घातलेले केझश्पेत्स्ले हे नूडलसारखे गोळे पोटभरीचे, पण त्यांच्या पिठात अंडं असतंच. फ्लामकुखेन ही पातळ कुरकुरीत पोळी, तिच्यावर ठरलेलं डुकराचं मांस असतं. "ओहने श्पेक" म्हटलं की कांदा आणि साय घालून ताजी करून देतात. लांगोश म्हणजे हंगेरीची भलीमोठी पुरी, लसूण आणि चीज लावलेली. आपल्या माणसांना ही पहिल्या घासात आवडते. भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले गरम बदाम हे तर निर्धोक.

फसवणारे पदार्थही सांगतो. लाल कोबीची गोडसर भाजी आणि आंबवलेली कोबी दिसतात निष्पाप, पण त्यात बदकाची किंवा डुकराची चरबी बऱ्याचदा असते. 'श्माल्त्स' या शब्दाचा अर्थच चरबी. श्माल्त्सकुखेन नावाचे छोटे तळलेले गोळे आता बरेच जण वनस्पती तेलात तळतात, तरी विचारा. तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहून घ्या: "इश एस्से काइन फ्लाइश", मी मांस खात नाही. "ओहने आय", अंडं नको. "इस्ट दास फेगेटारिश?", हे शाकाहारी आहे का? चुकीच्या उच्चाराला कोणी हसत नाही, आणि बहुतेक ठेलेवाल्यांना इंग्रजी समजतंच.

गोडात न्यूर्नबर्गचा लेबकुखेन, म्हणजे मसालेदार केकवजा बिस्किट. त्यातला वरचा प्रकार एलिझेन-लेबकुखेन: नियमाने किमान २५ टक्के बदाम, अक्रोड असा सुकामेवा आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त नाही. खाताना दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ यांचा वास येतो आणि क्षणभर दिवाळीतल्या डब्यांची आठवण होते. ते साहजिकच आहे. हे मसाले आपल्याकडच्या समुद्रावरूनच तर आले. न्यूर्नबर्ग मसाल्याच्या व्यापारी वाटेवर होतं आणि आसपासच्या जंगलात मध भरपूर होता. यातही अंडं असतं. रिबिनीत अडकवलेली, 'आय लव्ह यू' लिहिलेली मोठी बदामाकृती बिस्किटं भिंतीवर टांगण्यापुरतीच.

ड्रेस्डेन

मला विचाराल तर एकच शहर निवडायचं झालं तर मी ड्रेस्डेन निवडेन, न्यूर्नबर्गच्या लोकांची क्षमा मागून. इथला श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा. आधी नाताळच्या आदल्या दिवशीचा एक दिवसाचा मांसबाजार होता, आता महिनाभराचा. 'श्ट्रीत्सेल' हे इथल्या स्टोलन या मनुका-बदामाच्या लांबट केकपावाचं जुनं नाव.

स्टोलनची गोष्ट आपल्या उपवासांची आठवण करून देते. ॲडव्हेंट हा मूळचा उपासाचा काळ आणि उपासाला लोणी चालत नसे. मग हा पाव तेलात, नुसत्या पिठाचा होई. सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपकडे अर्जविनंत्या केल्या, तेव्हा १४९१ मध्ये लोण्याला परवानगी देणारं पत्र आलं, तेही दंड भरायच्या अटीवर. आता खऱ्या ड्रेस्डेन स्टोलनमध्ये पिठाच्या निम्मं तरी लोणी असावं लागतं आणि त्यावर सोनेरी शिक्का असतो. तो बघूनच घ्या. मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात, घरच्या ज्येष्ठांना आधी सांगा. दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आधीच्या शनिवारी, २०२६ मध्ये ५ डिसेंबरला, काही टन वजनाचा स्टोलन मिरवणुकीने आणून बाजारात कापून विकतात. गर्दी होते, पण ही गर्दी सोसावी.

ड्रेस्डेनच्या दक्षिणेला एर्त्सगेबिर्ग हा खाणींचा डोंगराळ भाग आहे. खाणी आटल्या तेव्हा खाणकामगार लाकूडकामाकडे वळले आणि जर्मन नाताळची अर्धी सजावट तिथून आली. श्विबबोगेन ही खिडकीत ठेवायची दिव्यांची कमान. तोंडातून धूर सोडणारा लाकडी बुवा, आत उदबत्तीचा सुळका लावायचा. आणि पिरॅमिड: खाली मेणबत्त्या, वर पात्यांचा पंखा, गरम हवेवर पाती फिरतात आणि मजल्यामजल्यावरचे मेंढपाळ, राजे गोल फिरायला लागतात. श्ट्रीत्सेलमार्क्टच्या चौकातला पिरॅमिड १४ मीटर उंच आहे. झायफेन गावचे कारागीर तर लाकडाचं एक कडं चरकावर असं कातरतात की त्याचे आडवे काप काढले की प्रत्येक काप म्हणजे एकेक घोडा किंवा गाय. प्रात्यक्षिक चालू असेल तर थांबून बघाच. चांगली वस्तू महाग असते. शंभर युरोंच्या खालचा पिरॅमिड बहुधा दूरदेशीच्या कारखान्यातला. पैसे बेताचे असतील तर त्यापेक्षा दहा-पंधरा युरोंची एक अस्सल छोटी बाहुली घ्या.

जवळच्याच हेर्नहुट गावचे कागदी तारेही याच बाजारात मिळतात, शंकूसारखी २५ टोकं एकमेकांना जोडून करायचे. वसईत, गोव्यात नाताळला दारात लावतात त्या ताऱ्याचा आणि आपल्या आकाशकंदिलाचा हा थोरला भाऊ. टोकं सुटी येतात त्यामुळे बॅगेत मावतो, आणि इथला विजेचा दाबही आपल्यासारखाच २३० व्होल्ट, म्हणून दिवा घरी चालतो. जोडायला मात्र संध्याकाळ जाते.

स्ट्रासबुर्ग आणि व्हिएन्ना, थोडक्यात

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० पासूनचा. शहर देखणं आहे आणि त्याला ते माहीत आहे: डिसेंबरात तिथल्या खोल्यांचे भाव ऐकून घाम फुटतो. उपाय असा, की नदीपलीकडे जर्मनीतल्या केलमध्ये राहायचं. तिथून ट्राम थेट स्ट्रासबुर्गात जाते. इथे पांढऱ्या वाइनचा गरम प्रकार मिळतो, तो घ्या. बेटावरच्या जुन्या शहरात शिरताना पिशव्या तपासतात, मोठ्या बॅगा खोलीवर ठेवा.

व्हिएन्नात बाजार एक नाही, डझनावारी आहेत. नगरभवनासमोरचा सगळ्यांत झगमगीत आणि माझ्या मते सगळ्यांत बाजारू. तो नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत असतो. फोटोपुरता तिथे जा आणि वेळ काढा तो श्पिटेलबेर्गच्या गल्ल्यांत किंवा कार्ल्सप्लात्सला, जिथे कारागीर स्वतः ठेल्यावर बसलेले असतात.

सावधगिरी

बर्लिनमध्ये २०१६ ला, स्ट्रासबुर्गात २०१८ ला आणि माग्डेबुर्गात २०२४ ला बाजारांवर हल्ले झाले. तेव्हापासून सगळीकडे रस्त्यावर काँक्रीटचे अडथळे, पोलीस आणि तपासणी दिसेल. चाकू बाळगायला बंदी आहे, फळं कापायचा छोटासुद्धा नको. रोजचा धोका खिसेकापूंचा. पासपोर्ट खोलीवर, त्याची प्रत खिशात, पाकीट आतल्या खिशात. मुलांशी भेटायची एक जागा आधीच ठरवा. सगळे ठेले सारखेच दिसतात, म्हणून ती चर्चचं दार किंवा कारंजं अशी हलू न शकणारी असावी. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची संध्याकाळी पाचनंतर या गर्दीत अडकते. त्यांच्यासाठी सकाळी अकराची वेळ बरी, दिवे नसले तरी चालतील. न्यूर्नबर्गला लहान मुलांचा बाजार शेजारीच वेगळा आहे, जुन्या पद्धतीच्या चक्रपाळण्यांसह.

परतीची बॅग

स्टोलन महिनाभर टिकतो, उलट दोन-तीन आठवड्यांनी जास्त मुरतो. कापडात गुंडाळून थंड जागी ठेवा. मुंबईच्या उकाड्यात फ्रिजमध्ये ठेवून खाण्याआधी तासभर बाहेर काढा. लाकडी वस्तूंच्या पात्या काढून स्वेटरात गुंडाळा. काचेचे गोळे मोज्यांत घालून बुटांच्या आत बसवा. ठेल्यावर करपरताव्याचा फॉर्म सहसा मिळत नाही, पण पक्क्या दुकानात एका बिलावर पन्नास युरोंच्या वर गेलात तर मागा. विमानतळावर वस्तू दाखवावी लागते, म्हणून ती बॅग आत देण्याआधी कस्टमचा शिक्का घ्या. आणि हलवल्यावर आत बर्फ पडणारा पाण्याचा गोळा हातातल्या सामानात ठेवू नका. त्यात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी असेल तर तो तपासणीच्या टेबलावर राहू शकतो, आणि फ्रँकफर्टला दर डिसेंबरात त्या टेबलावर अशा गोळ्यांची रांग लागलेली असते.